झपकी लागली म्हणे

माझा पाय कसा मोडला हे आमच्या गावात कुणालाही विचारा. गाडीवर मागे बसल्या बसल्या हिला झपकी लागली आणि ही पडली, असं लहान पोरसुद्धा सांगेल. सगळ्यांना पाठ आहे. पाठ करून घेतलं आमच्या ह्यांनी.

खरं काय ते ऐका. बाजाराचा दिवस होता. ह्यांची मोटारसायकल, टाकीवर पालकाचं गाठोडं, मागे मी एका बाजूला पाय सोडून बसलेली, मांडीवर वांग्यांची टोपली. दोन्ही हात टोपलीला, मग धरणार कशाला? नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, पुलाअलीकडे एक ब्रेकर आहे. तो गावच्या शेळ्यांनाही माहीत आहे, पण हे गाडी चालवताना सोबत देशही चालवतात, त्यामुळे खाली बघायला सवड नसते. गाडी उडाली, मी उडाले आणि वांगी माझ्याआधी रस्त्यावर पोचली. हे मात्र बोलत बोलत सरळ सेलूला गेले. बाजारात गाडी उभी केली तेव्हा ह्यांना दिसलं की मागे बायको नाही. वाटेत दोनदा विचारलं होतं म्हणे, आज भाव काय लावायचा. उत्तर आलं नाही, म्हणून रुसली असेल असं वाटलं. बायको गप्प म्हणजे रुसलेली, एवढ्या वर्षांच्या संसारात हे एवढंच शिकले. अहो, गाडी हलकी झाली तेही कळू नये माणसाला?

मला उचललं मागून आलेल्या ऑटोवाल्याने. गुडघ्याखालचं हाड मोडलं होतं. सावंगीच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, आत पट्टी बसली, स्क्रू बसले. मी कॉटवर कण्हत होते आणि हे दाराशी उभे राहून भेटायला येईल त्याला सांगत होते, झपकी लागली तिले. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, औषधाच्या गुंगीत मलाच काहीतरी भलतं ऐकू येतंय. दुसऱ्यांदा ऐकलं तेव्हा गुंगी उतरली.

"खोटं काऊन सांगता?" मी विचारलं.

"लोकाईले काय सांगू मंग?" हे म्हणाले आणि संत्र सोलायला बसले. माझ्यासाठी आणलेलं. अर्धं स्वतःच खाल्लं.

घरी आल्यावर लोकांची रीघ लागली. जो येई तो चहा पिऊन जाई आणि सल्ला ठेवून जाई. कुणी म्हणे हाडजोडीचा पाला बांध, कुणी म्हणे गुडघा हलवूच नको, कुणाच्या मावससासूचा पाय असाच मोडला होता तर ती पुन्हा उठलीच नाही. ही गोष्ट सांगताना बाईच्या तोंडावर काय तो उजेड! आणि भिंतीपलीकडची माझी मोठी जाऊ तर रोज येऊन, तोंडाला पदर लावून तेच विचारी, की बसल्या बसल्या अशी कशी वं झपकी लागली तुले. मी म्हणे, बाई, तुमच्या दिरालाच विचारा. ती विचारायची नाही. खरं कळलं असतं तर तिचं येणंच बंद झालं असतं.

हे सगळं मी सोसलं असतं. पण माझ्या पाठीमागे बाजार हे करायला लागले. सेलूच्या बाजारात कडुनिंबाखाली आमची बसायची जागा आहे. सासूनं मला तिथे बसवलं, तेव्हापासून ती माझी. बाजारातल्या जागेचा कागद नसतो. ज्याचं बोरं, म्हणजे गोणपाट, अंथरलेलं, त्याची जागा. चार बाजार चुकले की शेजारच्याचं बोरं सरकत सरकत तुमच्या जागेवर येतं. हे तिथे तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळत, मोबाईल बघत बसायचे. गिऱ्हाईक आलं तर मान वर नाही, भाव विचारला तर दोनदा विचारावा लागे. दुपार टळायच्या आत सगळा माल कुठल्याशा व्यापाऱ्याला उक्ता देऊन घरी हजर. शेजारच्या कांदेवाल्याचं बोरं निम्म्या जागेत आलं होतं, ते ह्यांना दिसलंसुद्धा नाही. मागचं तर दिसत नाहीच, बाजूचंही दिसत नाही.

एक दिवस जेवताना म्हणाले की पुढच्या महिन्यापासून माल वावरातूनच देऊन टाकू आणि जागा कांदेवाल्याला सोडू. मी म्हटलं, मी येते ना आता. तर हे म्हणाले, "तुया काई भरोसा नाई. पुन्हा झपकी लागली तं?"

माझा घास तसाच राहिला. तोवर मला वाटत होतं, ह्यांनी आपली लाज झाकायला एक थाप मारली, मारू दे. आता स्वतःचीच थाप ह्यांना खरी वाटायला लागली होती आणि तिच्यापायी माझा बाजार हातचा चालला होता. मी घरी बसून काय करू? भिंतीपलीकडच्या जावेसारखी दुसऱ्यांचे पाय मोजू?

गाडीवर मागे बसून जायचंही करून पाहिलं. हे गाडी सुरू करायचे आणि मी सीटची दांडी दोन्ही हातांनी आवळायची. उतरले. मग सेलूला जायचं कसं?

रस्ता दाखवला सावंगीच्या फिजिओथेरपीच्या पोरीने. माझ्या लेकीपेक्षा लहान. तिथल्या एका जागी उभ्या असलेल्या सायकलवर मला बसवायची. गुडघा अर्धाच वाकायचा, पायडल वर येता येता अडायचं. अर्धं पुढे, अर्धं मागे, अर्धं पुढे. मी म्हटलं, ही कसली सायकल, झुलत्या पाळण्यासारखी. ती म्हणाली, "आंटी, आधा-आधा करो, एक दिन पूरा घूमेगा." घरी सायकल असेल तर सीट उंच करून घरीच करा, असंही म्हणाली. तेवढं एक माणूस त्या दिवसांत माझ्याशी शहाण्यासारखं बोललं.

लेकीची शाळेतली सायकल गोठ्यात पडून होती. तिच्यावर कोंबड्यांनी बिऱ्हाड केलेलं. ती धुतली, सीट वर केली, स्टँडवर लावली आणि अंगणात सुरू झाले. मागचं चाक हवेत आणि मी अर्धं पुढे, अर्धं मागे. भिंतीवरून जावेचं डोकं वर आलं.

"कुठी चालली वं?" तिने विचारलं आणि पोट धरून हसली.

"बाजारात," मी म्हटलं.

दुखायचं म्हणजे काय, जीव जायचा. पायडल वरच्या टोकाला आलं की गुडघ्यात कुणी पाचर ठोकतंय असं व्हायचं. रडले मी, खोटं कशाला बोलू. मग एका सकाळी पायडल वर आलं, अडलं आणि पलीकडे गेलं. साखळी खडखडली, चाक गरगरलं, कोंबड्या पळाल्या. मला इतका आनंद झाला की कुणाला तरी सांगावं म्हणून मी भिंतीकडे पाहिलं. नेमकी त्या दिवशी जाऊ घरात नव्हती.

नंतर नहरापर्यंत जाऊन आले, मग त्याच्या पुढे. गावातल्या रिकामटेकड्यांनी पारावर बसून माझ्या सायकलवर चर्चा केली. बाईमाणूस, या वयात, लुगडं सावरत. करू द्या. त्यांना दुसरं काम काय?

जागा सोडायच्या आदल्या बाजाराला मी ह्यांना सांगितलं की मीही येते, सायकलने. हे नुसते नाकातून हसले. वालाच्या शेंगांचं अर्धं पोतं आपल्या गाडीच्या मागच्या सीटवर ठेवून वरून एक दोरी टाकली. मी म्हटलं, नीट आवळा. हे म्हणाले, मला शिकवू नको. आणि गेले.

मी आपली हळूहळू निघाले. नहराच्या पुलाजवळ ब्रेकर आला. तिथे उतरले, सायकल हातात धरली. बघते तर रस्त्याच्या कडेला आमचं पोतं. दोरी ब्रेकरवर, थोड्या शेंगा सांडलेल्या, पोतं बिचारं आडवं. मी जिथे पडले होते तिथून दोन हातांवर. आधी संताप आला, मग असं हसू आलं की मी तिथे एकटी उभी राहून हसत होते. गेले म्हणजे गेले, तेच पुन्हा! शेंगा भरल्या, तीच दोरी घेतली आणि पोतं कॅरिअरला असं आवळलं की ब्रेकरच्या बापानेही हललं नसतं.

बाजारात पोचले तेव्हा कडुनिंबाखाली भांडण पेटलेलं. पोतं कांदेवाल्यानेच लांबवलं असं हे ओरडून सांगत होते आणि तो बिचारा शपथा घेत होता. भोवती माणसं जमलेली. मी सायकल आत घातली. ह्यांनी कॅरिअरकडे पाहिलं आणि तोंड उघडंच राहिलं.

"पोत्याले झपकी लागलती," मी म्हटलं. "पुलापाशी पडलं होतं."

कांदेवाला खो खो हसला. हसता हसता त्याने आपलं बोरं मागे ओढून घेतलं. मी माझं अंथरलं, शेंगा ओतल्या आणि बसले. गुडघा ठणकत होता, पाय लांब करून बसावं लागलं, पण बसले.

थोड्या वेळाने माझं नेहमीचं गिऱ्हाईक, शाळेतल्या मास्तरीणबाई आल्या. म्हणाल्या, बऱ्याच दिवसांनी दिसलात, गाडीवर डोळा लागला होता म्हणे तुमचा. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे खाली मान घालून किडक्या शेंगा वेगळ्या काढत होते. तोंडातला खर्रा थुंकून आले, पुन्हा बसले.

"डोया नाई लागला तिचा," हे म्हणाले. "म्या मांगं पायलंच नाई."

मास्तरीणबाईंना काय कळलं कोण जाणे. त्यांनी अर्धा किलो शेंगा घेतल्या. मी तोलून दिल्या. एवढं एक वाक्य काढायला ह्या माणसाला एक बायको आणि एक पोतं पाडावं लागलं.

संध्याकाळी निघताना मी म्हटलं, व्हा पुढे, मी येते. हे गाडीवर बसले, पण गाडी जागची हलेना.

"तू हो पुढं," हे म्हणाले. "मी मांगून येतो."

गावापर्यंत माझ्या मागे ह्यांची गाडी घुरघुरत होती, बैलगाडीच्या चालीने. माझा पाय दुखतोय म्हणून मी इतकी हळू चालवतेय, असं ह्यांना वाटलं असेल. पाय काही तेवढा दुखत नव्हता.