सुईतला दोरा

पुण्यातल्या चकचकीत दुकानात ट्रेकिंगची बॅग नाकाशी धरली. मेण लावलेल्या कापडाच्या त्या वासानं मला थेट आमच्या कडा गावी, वडिलांच्या ताडपत्रीच्या दुकानात नेलं. डोंगर चढणारा एक पाहुणा फाटकी बॅग घेऊन आलेला. वडिलांनी ताडपत्रीची नवी शिवून दिली, बंदांना फुलीची शिवण घालून. पुढच्या खेपेला त्यानं तशाच दहा मागितल्या.

"पाठ तर एकच हाय, दहा कावून लागत्यात?" वडील मला हळूच म्हणाले. मग 'तुमीच शिवून बघा' म्हणत त्यांनी त्याला सुई ओवायला दिली. बराच वेळ खटपट करून त्यानं ती तशीच परत केली.

या बॅगेच्या बंदांनाही वडिलांचीच फुलीची शिवण आहे. भिंतीवरच्या फोटोत दुकानाचा मालक म्हणून तोच पाहुणा, आता पिकल्या केसांचा. खाली लिहिलंय, 'पहिली बॅग मी स्वतःच्या हातांनी शिवली.' फोटोत त्याच्या हातात सुई आहे. मी जवळ जाऊन पाहिलं. तिच्यात दोरा नाही.