एक इंच चार सूत

माझे वडील सौंसरला मोटार मेकॅनिक होते. तरुणपणी मँगनीजच्या खाणीवर एका इंग्रज इंजिनिअरच्या हाताखाली काम शिकले आणि पुढे बसस्टँडमागे टिनाच्या शेडमध्ये गॅरेज टाकलं. जीपा, ट्रॅक्टर, संत्र्यांचे ट्रक हे पोटाचं काम. जिवाचं काम मात्र एकच, गावातल्या म्हाताऱ्या डॉक्टरांची दोन सीटची, बिनटपाची इंग्रजी गाडी. खाणीचा साहेब मायदेशी जाताना ती डॉक्टरांना विकून गेला होता. तेव्हापासून तिच्या इंजिनाला बाबांशिवाय कोणी हात लावला नव्हता.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी पांढुर्ण्याला शाळेत विज्ञान शिकवत होते, सासरही तिथलंच. आई गेल्यापासून दर शनिवारी दुपारच्या बसनं सौंसरला जायचे आणि रविवारी परतायचे.

त्या हिवाळ्यात डॉक्टरांच्या गाडीचा पुढचा कार्बोरेटर निकामी झाला. या गाडीला दोन कार्बोरेटर, जुळ्या भावांसारखे, आणि दोन्ही एकाच मापाचे लागतात. पुढच्याचा बोल्ट बसवायचा कानच तुटला होता. बाबांनी मागचाही काढून माझ्यासमोर ठेवला.

"याच्या वाटीच्या झाकणावर स्क्रूखाली बिल्ला असते. त्यावरचा नंबर वाच बरं. इथं उजेडच नाही."

भर दुपार होती. उन्हाची तिरीप थेट टेबलावर पडली होती. मी झाकण फिरवून पाहिलं. बिल्ला तिथं नव्हताच, कधीतरी पडून गेला असावा. तसं सांगितलं.

"मग गळा मोजा लागते," ते म्हणाले. "इंजिनाकडच्या बाजूनं. कार्बोरेटरच्या नावापुढचा आकडा म्हणजे एक इंचावर किती सूत. दोनचा असन तं एक इंच दोन सूत, चारचा असन तं एक इंच चार सूत." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. मी पट्टी लावली. एक इंच दोन सूत.

बाबांना पट्टी लागत नसे. ते दोन बोटं जोडून गळ्यात घालत. पहिल्या पेरापुढं अडकली तर दोन सूत, सहज आत गेली तर चार. खाणीवरच्या साहेबालाही याचं नवल वाटायचं, असं ते सांगत.

जोडीचा कार्बोरेटर नागपूरच्या भंगार बाजारात मिळाला तर मिळणार होता. मी म्हटलं, मी येते, शाळेतलं व्हर्निअर कॅलिपर घेऊन येते.

"काऊन? माझे बोटं कुठं गेले?" बाबा म्हणाले, आणि आठवड्यात मध्येच एकटे बसनं जाऊन आले.

पुढच्या शनिवारी गेले तेव्हा कार्बोरेटर रॉकेलनं धुऊन, पुसून टेबलावर ठेवला होता. बाबा खुशीत होते. "बोटं घातले, तिथंच अडकले. एक इंच दोन सूत. तू मोजून पाहा, तुझ्या मापानं."

मी व्हर्निअर लावलं. एक इंच चार सूत. पुन्हा लावलं, तेच. मग मी त्यांच्या हाताकडं पाहिलं. संधिवातानं पेरं सुपारीएवढी सुजली होती. डोळ्यांवर भरवसा उरला नव्हता म्हणून ते बोटांवर विसंबले, आणि बोटंही आता पूर्वीची राहिली नव्हती.

"किती आलं?"

"बरोबर आहे, बाबा. दोनच सूत."

एवढंच बोलले. त्या वेळी ते मायेनं बोलल्यासारखं वाटलं.

रविवारी सकाळी बाबांनी तो बसवायला घेतला तर भोकं जुळेनात. "साहेबानं इंजिनावरचे बोल्ट बदलवले असतीन," म्हणत त्यांनी गोल कानस घेतली आणि भोकं आतल्या बाजूनं घासायला बसले. दुपारपर्यंत घासत होते. कानस सुटून दोनदा बोटाला लागली. मी शेजारी बसून चिंधी बांधून दिली. सांगायला कितीतरी वेळ होता. पण सकाळीच सांगितलं नाही, तर आता कसं सांगायचं, असं करत मी गप्प राहिले.

शेवटी इंजिन सुरू झालं, पण लंगडत होतं. बाबांनी रबरी नळीचं एक टोक कानाशी धरलं आणि दुसरं आधी एका कार्बोरेटरच्या तोंडाशी, मग दुसऱ्याच्या. हवेचा आवाज दोन्हीकडं सारखा यायला हवा. ते पुन्हा पुन्हा ऐकत राहिले. कान त्यांचे शाबूत होते.

त्यांनी इंजिन बंद केलं. "तू मोजलं होतं ना?"

"हो."

"किती होतं?"

"चार सूत."

ते कितीतरी वेळ चिंधी बांधलेलं बोट चाचपत बसले. "डोळ्याचं मले दीड वर्षापासून समजून राहिलं होतं," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "कोणाले बोललो नाही. म्हटलं, पोरीनं पाहिलं म्हणजे मीच पाहिलं. आता तूही असं सांगशीन, तं मी कोणाच्या डोळ्यानं पाहू?"

संध्याकाळी ते स्वतः डॉक्टरांकडं गेले आणि चूक आपलीच म्हणून सांगून आले. माझं नाव घेतलं नाही. डॉक्टरांनी तिथंच त्यांचे डोळे पाहिले आणि नागपूरला पाठवलं. काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येणार नव्हती.

त्यानंतरचे कितीतरी रविवार मी नागपूरच्या भंगारात व्हर्निअर घेऊन फिरले. उन्हाळा लागताना एक सापडला. तीनदा मोजला, मगच घेतला. बाबांच्या हातात देऊन म्हणाले, "एक इंच दोन सूत."

"हो," ते म्हणाले. मग उठून भिंतीला हात लावत शेजारच्या वेल्डरकडं गेले. "याचं माप सांग बरं, बापू."

वेल्डरनं पट्टी लावून तेच सांगितलं. तेव्हा कुठं त्यांनी पाना मागितला.

गाडी सुरेख चालली. डॉक्टर त्यांना शेजारी बसवून लोधीखेड्यापर्यंत फिरवून आले. बाबांनी केलेलं ते शेवटचं काम. पावसाळ्याआधी गॅरेज बंद झालं, आणि वर्षभरात डॉक्टर गेल्यावर त्यांच्या मुलांनी गाडी विकून टाकली.

मी बाबांना पांढुर्ण्याला आणलं. ते आणखी चार वर्षं होते. माझ्याशी कधी वाकडं बोलले नाहीत, जेवताना माझ्या हातच्या भाजीचं कौतुकही करायचे. पण दवाखान्याचा कागद मी वाचून दाखवला की "हो" म्हणत, आणि मी स्वयंपाकघरात गेले की जावयाला हळूच विचारत, "काय लिहिलं आहे हो त्यात?"

मला आत ऐकू यायचं.