सुभेदारांची मेंदी

मेंदीचं कुंपण कापायचं यंत्र हातात घेण्याआधी सुभेदार स्वतःची बोटं मोजत. मोठ्यानं, एक ते दहा. काम संपवून यंत्र खाली ठेवलं की पुन्हा मोजत आणि मगच बिडी पेटवत. सत्तरच्या दशकात मी सांगलीजवळच्या एका साखर कारखान्यात इलेक्ट्रिकल सुपरवायझर म्हणून नवा लागलो होतो. पहिल्यांदा ते पाहून मला हसू आवरेना. "हसा सायब," ते शांतपणे म्हणाले, "धा हायती तवर हसून घ्यावं."

ते कारखान्याच्या कॉलनीचे माळी. लष्करातून नायक म्हणून निवृत्त झालेले. सुभेदार ही कॉलनीनं दिलेली पदवी. "लोकांनी बढती दिली, ती परत कशी करायची?" असं म्हणून त्यांनी ती ठेवून घेतली होती.

ते यंत्र एका परदेशी इंजिनिअरनं जाताना गेस्ट हाउसमध्ये सोडलेलं. करवतीसारखी दातेरी दुहेरी पाती, मागं मोटर, लांबलचक वायर. पंचक्रोशीत तसं दुसरं नव्हतं. सुभेदार आधी मेंदीच्या ओळीत हात घालून तारेचे तुकडे, दगड शोधून काढत. गमबूट घालत. वायर उजव्या खांद्यावरून पाठीमागं सोडत, म्हणजे ती पात्यापुढं यायची नाही. काम झालं की आधी प्लग उपसत, मग ब्रशनं पाती झाडून तेलाचं बोट फिरवत. धार गेली तर कानस घेऊन एकेक दात घासत बसत. दव वाळल्याशिवाय यंत्र बाहेर निघत नसे.

एकदा कारखान्यावर मोठे पाहुणे येणार होते. रात्री पाऊस झालेला, सकाळ ओली. तरी मॅनेजरसाहेबांना नऊच्या आत मेंदी कापून हवी होती.

"पानं वल्ली हायती, सायब. जमायचं न्हाई," सुभेदार म्हणाले.

"मग दुसरा माणूस बघू का?"

"बघा की."

मॅनेजरसाहेब माझ्याकडं वळले. मी वीजवाला, तरुण, शिवाय नोकरी कच्ची. मी यंत्र उचललं. दहा पावलंही गेलो नसेन, तोच पाती कशात तरी अडकली. मेंदीतला जुन्या कुंपणाच्या तारेचा तुकडा. मोटर नुसती घुमत होती. साहेब बघत होते, पाहुण्यांची वेळ होत आली होती. मी वाकलो आणि ती तार ओढायला डावा हात घातला.

तार सुटली आणि त्याच क्षणी मोटर गप्प झाली. पाती जागची हलली नाहीत. माझी दोन बोटं त्यांच्या मधोमध होती. मागं वळून पाहिलं, तर सुभेदार गेस्ट हाउसच्या व्हरांड्यात प्लग हातात धरून उभे होते. धावल्यामुळं त्यांचा ऊर धपापत होता.

मी यंत्र खाली ठेवलं. बोटं उघडमीट करून पाहत राहिलो. रडू येत होतं आणि हसूही.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"मशीन आडलं, सायब," सुभेदार म्हणाले. "हाताच्या कात्रीनं करतो." आणि त्यांनी तसं केलंही. त्या दिवशी आणि त्यानंतरही त्यांनी मला एका शब्दानं टोकलं नाही.

पुढं ते काम सोडून कवठे महांकाळकडं, आपल्या गावी गेले. वर्षभरानं तिकडून बातमी आली, की विहिरीवरच्या स्टार्टरला हात लावताना एक पेन्शनर शिपाई शॉक लागून गेला. नाव कुणाला नीट ठाऊक नव्हतं. मी रजा टाकून एस.टी. पकडली.

सुभेदार ओट्यावर शेंगा फोडत बसले होते.

"आवं सायब! तुमी हिकडं कुठं?"

त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि ते समजले. "त्यो मी न्हवं. माझा दोस्त हुता." मग हातातली शेंग खाली ठेवून म्हणाले, "रोज त्याच्या दारात बसायचो. वल्या हातानं स्टार्टर दाबू नगंस, एवढं सांगायचं कवा सुचलं न्हाई बघा."

दोस्ताच्या घरात आता विहिरीवरच्या मोटरला कुणी शिवत नव्हतं. रानात शाळू पाण्यावाचून वाळत होता आणि शेजाऱ्यांना रोज बोलवायचं किती? सुभेदार उठले. "तुमी जोडणी बघा, सायब. तुमी हाय म्हणून धीर हाय."

विहिरीवर जाऊन पाहिलं, तर अर्थिंगची तार तुटलेली होती. मी ती नवीन जोडली, स्टार्टरची पेटी कोरडी केली, दोनदा तपासली. दोस्ताची बायको बांधावर उभी होती, पदर घट्ट धरून.

"वैनी, हात पुसा," सुभेदार म्हणाले. "कोरड्या फळीवर हुबं ऱ्हावा. भ्या नगा, आमी दोघं हितंच हाय."

तिनं पदराला हात पुसले, पुन्हा पुसले आणि डोळे मिटून बटण दाबलं. मोटर घुमली. मग पाटात पाणी पडल्याचा आवाज आला आणि तिनं डोळे उघडले.

माझी परतीची एस.टी. केव्हाच निघून गेली होती.