कोहळ्याला पहिली सुरी

आम्ही नागपूर सोडलं त्या दुपारी सासरे कूलरमध्ये पाणी भरत होते. २००१ चा मे महिना. दारात रिक्षा उभी, बॅगा पायरीवर, आठ वर्षांची रेवा घामानं चिंब. सासूबाई खिडकीपाशी उभ्या राहून तांब्यानं वाळ्याच्या ताटीवर पाणी मारत होत्या. रडलं कोणी नाही. सासऱ्यांनी पाइप खाली ठेवला, हात पुसले आणि शिरीषला म्हणाले, "पोचल्यावर फोन कर. लांबवू नको, बिल येते." मग पुन्हा पाइप उचलला, कारण टाकी अर्धीच भरली होती. रिक्षा वळताना मी मागं पाहिलं तेव्हा दोघंही आपापल्या कामाला लागले होते. मला ते बरं वाटलं.

विदर्भाबाहेरच्यांना ताटी सांगावी लागते. वाळ्याच्या मुळांचा जाड पडदा असतो तो. उन्हाळ्यात खिडकीला बांधायचा आणि दिवसभर ओला ठेवायचा. आमच्याकडे एप्रिल उजाडला की घराचं रूपच बदलायचं. सतरंज्या जायच्या, कूलर यायचा, ताट्या चढायच्या, खोल्या अंधाऱ्या व्हायच्या. पाऊस लागला की सगळं उतरवून, वाळवून, माळ्यावर. याला कोणी सजावट म्हणत नसे. ते काम होतं आणि ते वेळेवर व्हायचं.

ओहायोत डब्लिनला आलो. तिथल्या पहिल्या सप्टेंबरात शेजारची लिंडा घरातल्या निळ्या उशा प्लॅस्टिकच्या डब्यात भरताना दिसली. मग तिच्या दारावर वाळक्या पानांचं कडं आलं, दिव्याच्या खांबाला मक्याची धाटं बांधली गेली, पायऱ्यांवर शेवंतीच्या कुंड्या आणि नारिंगी कोहळी मांडली गेली. लाल भोपळ्याला आम्ही नागपूरकर कोहळं म्हणतो, तुम्ही भोपळा समजा. अकरा सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर गल्लीत दारोदार झेंडेही होते. झेंडा कशासाठी ते समजत होतं, कोहळं कशासाठी ते समजेना. हवा बदलली म्हणून घराला कपडे बदलायचे, हे मला रिकामपणाचे उद्योग वाटले.

अपार्टमेंट सोडून त्याच गल्लीत स्वतःचं घर घेतलं तेव्हा माझं मत बदललं. मन वगैरे काही भरून आलं नाही. ऑक्टोबरात संध्याकाळी साडेपाचला उजेड पिवळा पडायला लागतो आणि पांढरे सुती पडदे, बांबूच्या चटया अंगावर येतात, एवढंच. मी जाड पडदे लावले, विटकरी रंगाची चादर सोफ्यावर टाकली, उन्हाळी सामान डब्यात भरून बेसमेंटमध्ये नेलं. जिने चढून वर आले तेव्हा लक्षात आलं की हा माळाच आहे, फक्त खाली आहे.

सासरे गेले ते २००५ च्या डिसेंबरात. शिरीष जाऊन आला. नंतर सासूबाई, ज्यांना मी आई म्हणते, नागपूरच्या घरात एकट्याच राहिल्या. दीड वर्ष आम्ही फोनवर "या", "या" करत होतो. २००७ च्या मेमध्ये त्या आल्या. परतीचं तिकीट ऑक्टोबरअखेरचं होतं. शिरीषनं त्या उतरल्यापासून एकच लावून धरलं, "आई, तिकीट कॅन्सल करू. व्हिसा वाढवून घेऊ. हा हिवाळा राहा, पुढचं पुढं." पुढचं काय ते त्यालाही माहीत नव्हतं. आमचंच ग्रीन कार्ड अजून रांगेत होतं. पण एकट्या आईला परत पाठवणं त्याला जड जात होतं, आणि आई हो म्हणत नव्हत्या, नाही म्हणत नव्हत्या. "बघू" म्हणायच्या. मधूनच खिडकीबाहेर पाहत म्हणायच्या, "ताट्या तशाच राहिल्या. कूलरही लागलेलाच आहे."

"आई, कूलर कुठं पळून जातोय?" शिरीष हसायचा.

माझा प्रश्न साधा होता. खालची खोली त्यांची. तिला उन्हाळी पडदे होते. माणूस राहणार असेल तर खोली करायची, जाणार असेल तर बॅग करायची. सप्टेंबर संपत आला तरी दोन्ही होत नव्हतं. शेवटी मी जाड पडदे आणले आणि पावती जपून ठेवली.

पडदे बदलायला स्टुलावर चढले तर आई खाली येऊन उभ्या राहिल्या.

"काय करून राहिलीस गं?"

"फॉल आला आई, पानगळ. पडदे बदलते."

"म्हणजे तुमच्या इथंही ताट्या उतरवतात," त्या म्हणाल्या आणि स्टूल धरून उभ्या राहिल्या. त्या दिवशी आम्ही दोघींनी अख्खं घर बदललं. उशांचे अभ्रे त्यांनी माझ्याहून नीट घड्या घालून डब्यात ठेवले, मध्ये कडुनिंबाचा पाला नाही म्हणून हळहळल्या. डब्लिनमध्ये कडुनिंब कुठून आणणार? लवंगा घातल्या.

शनिवारी शेतावरून चार कोहळी आणली. ती पायरीवर मांडताना आई म्हणाल्या, "बाप्पा! एवढी कोहळी खाईल कोण?"

"खायची नाहीत. ठेवायची."

"दारात? दृष्ट लागू नये म्हणून?"

"आजी, इट्स जस्ट फॉर फॉल," रेवा म्हणाली.

आईंनी गल्लीभर नजर फिरवली. प्रत्येक दारात कोहळं. "जस्ट कसं? सगळ्यांनीच ठेवलंय ना," त्या म्हणाल्या आणि आत जाऊन हळदीकुंकू घेऊन आल्या. चारही कोहळ्यांना बोटं लागली. लिंडानं येऊन विचारलं की हा रंग कुठला, पावसात टिकतो का. तिलाही चिमूटभर दिलं.

पुढच्या आठवड्यात रेवानं हॅलोविनसाठी त्यातलं सर्वांत मोठं कोहळं कोरायला घेतलं. डायनिंग टेबलावर पेपर पसरले, सुरी उचलली, तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून ओरडल्या, "थांब!"

रेवाच्या हातातून सुरी पडली. मलाही दचकायला झालं.

"बाईनं अख्ख्या कोहळ्याला पहिली सुरी लावायची नाही. बाबाला बोलाव."

"व्हाय?"

"अख्खं कोहळं म्हणजे घरातला मोठा मुलगा. बाई त्याच्यावर सुरी चालवत नाही."

"दॅट्स सो सेक्सिस्ट, आजी."

"असू दे. बोलाव."

शिरीष वर कॉलवर होता. कानाला हेडसेट लावलेलाच खाली आला, एका हातानं म्यूट दाबलं, दुसऱ्या हातानं कोहळ्यात सुरी खुपसली आणि "येस, आय ॲग्री" म्हणत पुन्हा वर गेला. मग रेवानं कोहळ्याला डोळे कोरले, दात कोरले. आईंनी बिया आणि गर ताटात घेतला, कडेचा जाड भाग खरवडून काढला आणि संध्याकाळी गूळ घालून बोंडं तळली. कोरायचं कोहळं ते, पाणचट. बोंडं पसरट झाली, तरी आईंनी चवीनं खाल्ली.

"तिकडून आल्यापासून खाल्ली नव्हती का?" मी विचारलं.

"तिकडं तरी कुठं? हे गेल्यापासून घरात कोहळं आलं नाही."

"का?"

"चिरेल कोण? पहिली सुरी हेच लावायचे. आता एका भाजीसाठी कोणा शेजाऱ्याचं दार वाजवू का, की या हो, माझं कोहळं चिरा? चिरलेली फोड मिळते बाजारात, पण ती कधीची ते कोणाला ठाऊक." त्यांनी आणखी एक बोंड घेतलं. "सवय नाही राहिली मग."

शिरीष जेवताना थांबला. मग म्हणाला, "म्हणूनच म्हणतो आई, इथं राहा. मी आहे ना चिरायला."

आईंनी बोंडांचं ताट त्याच्याकडे सरकवलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. चेहरा उतरलेला नव्हता, पण नजर जेवणाच्या खोलीतल्या नव्या पडद्यांवर होती. ज्या घराचा उन्हाळा अजून उतरवलेला नाही त्याचा विचार करणाऱ्या बाईची नजर मला ओळखता येते. शिरीषला येत नाही. त्यानं कधी ताटी उतरवलेली नाही.

त्या रात्रीच मी म्हटलं, "तिकीट कॅन्सल करायचं नाही. मीही एक काढते. दोन आठवडे सुट्टी टाकते, घर आवरते. तिथं उभं राहून आईंना ठरवू दे. इथं बसून त्या बघूच म्हणणार."

"तुला आई नकोय का इथं?" शिरीष म्हणाला. मला राग आला नाही. विचारणं साहजिक होतं.

"मला उत्तर हवंय," मी म्हटलं.

दसरा होऊन गेला होता. नागपूरचं घर उघडलं तर आत मे महिना कोंडलेला. खोल्या अंधाऱ्या, ताट्या पावसानं काळ्या पडून एका बाजूला लोंबलेल्या, कूलरच्या तळाशी चिखल. आई चहालाही थांबल्या नाहीत. पदर खोचला आणि सुतळ्या कापायला लागल्या. ताट्या उतरल्या तसं ऊन आत आलं आणि भिंतीवरचा सासऱ्यांचा फोटो एकदम दिसू लागला. कूलर आम्ही दोघींनी मिळून खिडकीतून काढला. माझी कंबर धरली, त्यांची नाही. मग माळ्यावरून सतरंज्या, जाड चादरी. चार दिवसांनी घर ऋतूवर आलं. आई खुर्चीत बसल्या आणि घराकडे पाहत राहिल्या. त्यांनी सांगायची गरजच नव्हती, तरी म्हणाल्या, "मी इथंच बरी आहे गं."

"बरं," मी म्हटलं, आणि पिशवी घेऊन बाजारात गेले. येताना अख्खं कोहळं आणलं.

आई त्याच्याकडे आणि माझ्याकडे पाहत राहिल्या. "हे काय?"

"इथं राहायचं तर कोहळं खाऊन राहायचं. पहिली सुरी मी लावते."

"नाही. तुला मुलगा नाही, पण मला आहे."

"मग त्यालाच विचारू." मी स्पीकरवर फोन लावला. इथं संध्याकाळ, तिकडं सकाळ. शिरीष ऑफिसच्या वाटेवर गाडीत होता. मी सांगितलं, समोर कोहळं आहे, आई सुरी लावू देत नाहीत, तू लाव. त्यातच त्याला कळलं असावं की आई तिकडं राहायला येणार नाही. गाडी बाजूला घेतल्याचा आवाज आला.

"आई," तो म्हणाला, "सुरी धरलीस?"

"धरली."

"मी लावली असं समज. चिर."

आईंनी क्षणभर फोनकडे पाहिलं आणि सुरी चालवली. कोहळं चांगलं निघालं, आत गर्द केशरी.

याला शास्त्राधार काय, असं मला कोणी विचारू नये. पण तेव्हापासून दर काही आठवड्यांनी सकाळी नागपूरहून फोन येतो. सासऱ्यांच्या बिलाच्या भीतीनं जे घर दोन मिनिटांत फोन ठेवायचं, ते आता आधी हवा सांगतं, मग भाव सांगतं, मग कोहळ्यावर येतं. गेल्या एप्रिलमध्ये मी बेसमेंटमधून उन्हाळी डबे वर आणत होते आणि आई सांगत होत्या की ताट्या नव्या घेतल्या, गल्लीतला पोरगा येऊन बांधून गेला. खालच्या खोलीचे जाड पडदे मी परत केले नाहीत. पावती कुठं गेली ते माहीत नाही.

तुमच्यापैकी जे भारतातच राहिले ते विचारतात, आता घर कुठलं. मी दोन्ही घरांचे पडदे कोणत्या महिन्यात बदलायचे ते सांगू शकते, एवढंच मला घराबद्दल ठाऊक आहे. शिरीषला याहून जास्त ठाऊक असावं. मीटिंग चालू असताना आईचा फोन आला की तो म्यूट दाबतो, खिडकीकडे वळतो आणि हळू आवाजात म्हणतो, "लावली, आई. चिर."