रखमाजींची टिंबं

टेंभुर्णीच्या वाचनालयाचे ग्रंथपाल रखमाजी भित्रे होते. हे त्यांच्या तोंडावर सांगितलं तरी ते रागवायचे नाहीत, कारण रागवायलाही थोडी हिंमत लागते. कुत्र्याला भ्यायचे, आभाळ गडगडलं की भ्यायचे, खिशात तिकीट असूनही एसटीच्या कंडक्टरला भ्यायचे. आणि उद्या कुणी जाब विचारला तर, म्हणून सगळं लिहून ठेवायचे. कोण आलं, कोणतं पुस्तक गेलं, कधी परत आलं, पान फाटलं असेल तर कितवं. पंच्याऐंशी सालापासून अकरा वर्षं त्यांच्या रजिस्टरात एक दिवस कोरा नव्हता. दुसऱ्या कुणाच्या हातून इतकं चोख काम शिस्तीने झालं असतं, यांच्या हातून ते निव्वळ भीतीने झालं.

दुपारी दोनच्या सुमाराला गावातली पुरुषमंडळी शेतात असायची, नाहीतर बाजेवर आडवी. तेव्हा वाचनालयाच्या मागच्या गल्लीतून बाया यायच्या. कुणी दळणाच्या पाटीत, कुणी पदराआड पुस्तक लपवून न्यायची. कार्ड नवऱ्याचं, म्हणून नोंद नवऱ्याच्या नावावर. रजिस्टर टेबलावर उघडंच असे आणि पेपर वाचायला येणारा कुणीही त्यावरून बोट फिरवी. त्यात बाईचं नाव दिसलं असतं तर संध्याकाळी तिच्या घरी महाभारत झालं असतं. पण पुस्तक हरवलं तर नेमकं कुणाच्या हातून हे ठाऊक असायला हवं, याचीही रखमाजींना भीती. म्हणून बाईने पुस्तक नेलं की त्या नोंदीपुढे ते शाईचं एक बारीक टिंब देत. त्या टिंबाचा अर्थ त्यांनी स्वतःच्या बायकोलाही सांगितला नव्हता.

शहाण्णव साली जालन्याच्या ग्रंथालय अधिकाऱ्यांचं पत्र आलं. वार्षिक अहवालात ‘स्त्री वाचक’ या रकान्यात अकरा वर्षं ‘निरंक’, म्हणजे शून्य, असं लिहून येत आहे. अशा वाचनालयाचा गावाला उपयोग काय? तपासणी होईल, आणि समाधान झालं नाही तर मान्यता जाईल. मान्यता गेली की अनुदान गेलं, अनुदान गेलं की दाराला कुलूप.

रखमाजींना जेवण जाईना. त्यांनी त्या वर्षाची टिंबं मोजली. एक हजार चार नोंदी, त्यांत सहाशे अकरा टिंबं. वाचनालय वाचवणारा आकडा त्यांच्या हातात होता आणि तो उच्चारायची सोय नव्हती. सांगावं तर बायांचं वाचणं बंद, न सांगावं तर वाचनालयच बंद. इकडे आड, तिकडे विहीर. त्यात सगळ्यांत मोठं भय वाचनालयाच्या अध्यक्षांचं. अप्पाराव सही तेवढी करायचे, एक ओळ काही त्यांना वाचता येत नव्हती. पण त्यांनी हाक मारली की दोन शेतांपलीकडचा गडी उठून उभा राहायचा. त्यांच्या नावावर त्या वर्षी बेचाळीस पुस्तकं गेली होती. बेचाळीसच्या बेचाळीस टिंबवाली. ती सगळी त्यांच्या मंडळींनी, गोजरबाईंनी, वाचलेली.

तपासणीला सुहासिनी मॅडम आल्या. बारीक चष्मा, कमी बोलणं. अप्पाराव कोऱ्या धोतरात शेजारी बसले होते. ओट्यावर कचरू होता. दुसऱ्याने मोठ्याने वाचलेला पेपर ऐकायला तो रोज यायचा. मॅडमनी रजिस्टरातलं एक नाव वाचलं आणि हे कोण म्हणून विचारलं.

“मीच की,” कचरू पुढे आला.

“गेल्या महिन्यात चार पुस्तकं नेलीत तुम्ही?”

“म्या? मॅडम, मला एसटीची पाटी बी वाचता येत न्हाई. सभासद कमी पडून राह्यले म्हनून कार्ड काढल्तं.”

ओट्यावरची मंडळी खो खो हसली. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. “म्हणजे नोंदी बनावट आहेत.”

“रखम्या!” अप्पाराव गरजले. “आमच्या नाकाखाली खोटं लिव्हून राह्यला काय तू?”

रखमाजींनी टेबलाचा कोपरा धरला. ‘हो, खोटं लिहिलं,’ एवढं म्हटलं की सगळं मिटत होतं. नोकरी गेली असती, पण बाया सुटल्या असत्या. त्यांनी त्यासाठी तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात त्यांच्या डोळ्यांसमोर दुपारचे दोन वाजले, मागच्या दाराला कुलूप दिसलं आणि दळणाची पाटी घेऊन आल्या पावली परतणारी बाई दिसली. त्यांना रडूच आलं.

“मॅडम, पुस्तकं गेली हे बिलकुल खरं हाय. नावं तेवढी खोटी हायेत,” ते म्हणाले. “ती टिंबं बघा.”

“टिंबं कसली?”

“ते इचारू नका. नुसती मोजा. महिन्यावारी मोजा, हात जोडतो.”

मॅडमनी काय ओळखलं कोण जाणे, पण त्या मोजायला लागल्या. कागदाच्या पाठीवर महिने लिहीत गेल्या. कापूस वेचणीच्या दिवसांत टिंबं निम्म्यावर आली होती. लग्नसराईत घसरली होती. पौषात वाट्टेल तितकी. नागपंचमीच्या आठवड्यात मात्र एकही नाही. तिथे त्यांचं पेन थांबलं. त्यांनी वर पाहिलं, रखमाजींनी खाली.

“माहेरी,” मॅडम स्वतःशीच म्हणाल्या. पण सगळ्यांनी ते ऐकलं. “रखमाजी, खोटं लिहिणारा माणूस दर महिन्याला सारखंच लिहितो. तसली रजिस्टरं मी पुष्कळ पाहिली. त्याला पंचमी सुचत नाही.”

अहवालात त्यांनी ‘निरंक’ खोडून ‘सहाशे अकरा’ लिहिलं.

अप्पारावांनी रजिस्टर आपल्याकडे ओढलं. सहीपुरतं का होईना, स्वतःचं नाव ते ओळखत होते. जाड बोट एकेका ओळीवर ठेवत त्यांनी आपल्या नावापुढची टिंबं शेवटपर्यंत मोजली, अहवालावर सही केली आणि चपला घालून निघून गेले.

मान्यता राहिली. रखमाजी मात्र स्वतःलाच बोल लावत होते. बायांची नावं सांगितली नाहीत म्हणून आपण मोठे शहाणे ठरलो, पण प्रत्येक टिंबाच्या अलीकडे नवऱ्याचं नाव मोठ्या अक्षरात होतंच की! अकरा वर्षं लपवलेलं एका तासात आपल्याच हाताने उघडं केलं. त्या दिवसापासून दुपारी कुणी येईना. रखमाजी मागचं दार उघडं ठेवून बसत आणि गल्ली रिकामीच राही. अप्पारावांच्या दारावरून जाताना ते पाऊल हळू करत, आतून रडण्याचा आवाज येतो का म्हणून कान देत, आणि काहीच ऐकू आलं नाही की जास्तच भीत. असे आठ दिवस गेले.

नवव्या दिवशी, सकाळी अकराला, ओटा पेपरवाल्यांनी भरलेला असताना, गोजरबाई पुढच्या दाराने आत आल्या. पुस्तक टेबलावर ठेवलं. रखमाजी उठून उभेच राहिले.

“दुसरं द्या, भाऊजी. थोरलं द्या. अन् ते टिंब नगं, माझं नाव लिव्हा.”

रखमाजींनी नाव लिहिलं. मग न राहवून हळूच विचारलं, “वैनी, अप्पा काही... हात बित तर न्हाई ना उगारला?”

“तेच वाटल्तं मला. दोन दिस बोललेच न्हाईत. तिसऱ्या दिशी जेवता जेवता घास खाली ठिवला.” त्यांनी पदराने तोंड पुसलं. “म्हनले, बेचाळीस वाचलीस, अन् मला त्यातलं एक बी सांगितलं न्हाईस?”