वीतभर अलीकडे

हे माझ्या बायकोलाही माहीत नाही. तुम्हाला सांगतोय ते तुम्ही फार जवळचे म्हणून नव्हे — तेव्हा उगाच समजूतदारपणे मान हलवू नका.

मी पेणला शाळेत शिकवतो आणि सुट्टीत कबड्डीचा पंच असतो. रोह्याच्या मैदानावर सामना होता. शेवटच्या चढाईत पाहुण्या संघाचा गडी रोह्याच्या निलेशच्या पकडीत सापडला, पण तसाच मध्यरेषेकडे झेपावला. त्याचा हात रेषेपलीकडे टेकलेला मी पाहिला — तेव्हा शपथेवर सांगितलं असतं. शिट्टी मारली. चढाईवाला सुटला, निलेश बाद, रोहेकर हरले.

"हात आलाच नाय, सर," निलेश म्हणाला. "वीतभर अलीकडं हाय. चष्मा पुसा की जरा."

लोक हसले. मला तो आधीपासूनच डोळ्यांत खुपायचा. उर्मट, आणि वर नशीबवान — धाटावच्या एका कंपनीच्या संघात घेणार होते त्याला, नोकरीसकट. तो तावातावानं माझ्या अंगावर आला, हात उगारला, मग चारजण मध्ये पडले.

संध्याकाळी कुणीतरी मोबाइलवर ती चढाई दाखवली. हात खरंच वीतभर अलीकडे होता. मग मी पाहिला तो कुठला? पुढे कळलं, सगळ्यांचंच असं होतं. सरकती वस्तू जिथे थांबते त्याच्या जरा पुढेच आठवते. वर्गात फळ्यावरून खडू सरकवत नेला आणि एकदम झाकला, तर पोरांनीही बोट पुढेच ठेवलं. म्हणजे मी खोटारडा नव्हतो. एवढंच असतं तर हे सांगत कशाला बसलो असतो?

निलेशचा हातही येत होता ना — माझ्या गालाकडे? तोही थांबला. वीतभर अलीकडे. त्यानं स्वतःच थांबवला. त्याची जागा मला नेमकी आठवत होती. आणि ते चित्रण पाहून झाल्यावर, थंड डोक्यानं, मी अहवालात लिहिलं — खेळाडूनं पंचांच्या थोबाडीत मारली.

सरांच्या शब्दावर कोण शंका घेणार? त्याच्यावर दोन वर्षांची बंदी आली. कंपनीनं दुसऱ्याला घेतलं. मला आनंद झाला — हो, झाला.

परवा तो रोहा स्टँडवर भेटला. ठेकेदाराच्या माणसांबरोबर शिफ्टच्या बसची वाट बघत होता. त्यानंच हाक मारली.

"गाल कसा हाय, सर?"

"बरा आहे," मी म्हणालो.