दोघांच्या हातातलं स्टीअरिंग

उत्तरेकडच्या सीमेवर माझी बदली झाली तेव्हा मी लान्स नाईक होतो. ट्रेड व्हेइकल मेकॅनिक. गाव सारसोळे, म्हणजे आताच्या नेरूळच्या पोटातलं जुनं कोळीगाव. आमच्या तुकडीची जागा कुठली ते लिहीत नाही. खिंडीच्या वर होती आणि खाली उतरायला एकच रस्ता होता, एवढं पुरे.

मी पोहोचलो त्या दिवशी आवारात एक अॅम्ब्युलन्स ट्रक उभा होता. त्याच्याखालून दोन बूट बाहेर आलेले. आतून आवाज आला, "सारसोल्याचा कोली तूच काय रं? मंग उभा काय ऱ्हायलास, स्पॅनर दे."

बर्फात, सगळीकडे हिंदी आणि पंजाबी चालू असताना, कुणीतरी माझ्या घरच्या बोलीत हुकूम सोडत होतं. मी स्पॅनर दिला.

हवालदार हरिश्चंद्र घरत. गाव जासई, उरण तालुका. त्यांच्या दारासमोरून कंटेनरचे ट्रेलर जातात. फौजेत येण्याआधी ते चुलत्याच्या ट्रेलरवर क्लीनर होते. माझ्या येण्याची खबर त्यांना आधीच लागली होती. चारचौघांत मी त्यांना उस्ताद म्हणायचो. दोघंच असलो की दादूस, म्हणजे मोठा भाऊ.

फौजेत गाडी सुरू करण्याआधी रोज तपासणी होते. तिला फर्स्ट परेड म्हणतात. तेल, पाणी, हवा, दिवे. उस्तादांच्या फर्स्ट परेडमध्ये सगळ्यात जास्त वेळ स्टीअरिंगला जायचा. ते सीटवर बसून चक्र थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे हलवत. मी गाडीखाली आडवा. चक्रापासून पुढच्या चाकांपर्यंत लोखंडी दांड्या जातात आणि दोन दांड्या जिथे मिळतात तिथे बॉल जॉइंट असतो. माणसाच्या खांद्यासारखाच सांधा. प्रत्येक सांध्यावर मी हात ठेवायचा. सांधा ढिला असेल तर हाताला खट् असा ठोका लागतो. डोळ्याला दिसत नाही, हाताला कळतं.

त्यानंतर किंगपिन. चाक ज्या जाड खिळीवर वळतं, ती. तिथे ग्रीस भरायचं. त्या थंडीत ग्रीस साबणाच्या वडीसारखं घट्ट व्हायचं. उस्ताद ग्रीस भरायची गन बुखारीजवळ, म्हणजे आमच्या शेगडीजवळ, ठेवून ऊब आणायचे. बाकीचे ड्रायव्हर हसायचे. म्हणायचे, घरतची गन चहा पिऊन कामाला जाते.

एकदा मी विचारलं, "दादूस, पॉवर स्टीअरिंग हाय. एका बोटानं फिरतंय. मंग याला एवढं ग्रीस कशाला?"

"पॉवर हाय तवर हाय," ते म्हणाले. "नसंल तवा तू आनी मी."

ऑक्टोबर संपत आला होता. एका सकाळी पुढच्या पोस्टवरून शिपाई सुरेंदर नेगीला स्ट्रेचरवर आणलं. गढवालचा मुलगा, पहाडातच वाढलेला. तरी उंचीनं त्याला धरलं होतं. फुप्फुसात पाणी साठलं होतं, ओठ निळे पडले होते. या आजारावर खरा इलाज एकच. माणसाला खाली उतरवायचं, जितक्या लवकर होईल तितकं. खिंडीवर ढग बसले होते. हेलिकॉप्टर येणार नव्हतं.

नेगी मागे, त्याच्याजवळ ऑक्सिजन घेऊन नर्सिंग असिस्टंट थॉमस. पुढे उस्ताद आणि त्यांच्या बाजूला मी. फर्स्ट परेड झालेली होती. निघालो.

उतारावर डोंगर उजवीकडे होता, दरी डावीकडे. ड्रायव्हरची बाजू डोंगराची. अर्धी वाट उतरलो असू, तेव्हा वरून दगड सुटले. त्या पट्ट्यात हे नेहमीचं होतं. अशा वेळी थांबायचं नसतं. पहिला मोठा दगड बॉनेटच्या पुढच्या कोपऱ्यावर बसला. दुसरा उस्तादांच्या दारावर. दार आत चेपलं, काच फुटली. गाडी हलली, पण रस्त्यावर राहिली.

"लागलं काय?" मी ओरडलो.

"खांद्याला. कोली, चक्र जड झालंय."

मी बाहेर डोकावलो. पुढून लाल तेल रस्त्यावर सांडत होतं. पॉवर स्टीअरिंगचा पाइप तुटला होता. पॉवर गेली की चक्र तुटत नाही, चाकांशी जोडलेलंच असतं. पण मग त्या ट्रकचं सगळं वजन हातांवर येतं. पुढे वळणावर वळणं होती, काही एकशे ऐंशी अंशांची.

दगडांचा पट्टा ओलांडल्यावर उस्तादांनी गाडी थांबवली. मी रेडिओ घेतला.

"अॅम्ब्युलन्स का स्टीअरिंग पॉवर फेल. दूसरी गाड़ी चाहिए. ओव्हर."

"दूसरी गाड़ी नीचे से निकलेगी. दो घंटे. ओव्हर."

थॉमसनं मागून जाळी ठोकली. "उस्ताद, दो घंटा नहीं है इसके पास. मुँह से झाग आ रहा है."

उस्तादांनी माझ्याकडे पाहिलं. "सरक इकडं."

मी गिअरच्या बाजूला सरकलो आणि चक्र डावीकडून धरलं. उजवीकडून त्यांनी. फर्स्ट गिअर. ते म्हणाले, "मी सांगन तवा. आपल्या मनानं काय करू नको."

पुढचं सगळं मला एखाद्या लांब, एकाच वळणासारखं आठवतं. "ओढ." मी ओढायचो, ते ढकलायचे. "सोड. सोड हलू." चक्र परत यायचं. "ओढ. अजून. अजून हाय." त्यांचा आवाज एकदाही वर चढला नाही. प्रत्येक वळणावर दरी समोर उघडायची आणि पुढचं चाक कडेपासून वीतभर आत राहून वळायचं. वीतभर, प्रत्येक वळणाला. मी गाडीच्या नाकाकडे पाहत होतो आणि मला कळत नव्हतं की दोन माणसांच्या अंगातली ताकद एवढी मोजून कशी वापरता येते. ब्रेक त्यांचा, क्लच त्यांचा, नजर त्यांची. मी फक्त त्यांचा दुसरा हात होतो.

मध्ये एकदा मी म्हणालो, "दादूस, घाम लय आलाय तुला."

"रस्त्याकडं बघ."

फील्ड हॉस्पिटलच्या आवारात शिरलो. माणसं धावत आली, नेगीला उतरवून आत नेलं. उस्तादांनी गाडी बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं. म्हणाले, "चाकाखाली दगड लाव." मी लावून परत आलो. ते तसेच बसले होते, हात चक्रावर. मी हाक मारली. त्यांनी मान वळवली, पण त्यांना उठता येईना. मी आणि थॉमसनं त्यांना खाली घेतलं. संध्याकाळच्या आत ते गेले.

डॉक्टर मेजर साहेब बाहेर आले. मला म्हणाले, "उजवीकडच्या बरगड्या मोडलेल्या आहेत. आत रक्तस्राव होत होता. हा मागे झोपून आला ना?"

"नो सर. गाडी चालवत आले."

"चालवत?"

"येस सर."

त्यांनी टोपी काढून काखेत धरली आणि परत आत गेले.

दुसऱ्या दिवशी गाडीची तपासणी माझ्याकडे आली. मी खाली आडवा झालो आणि एकेका सांध्यावर हात ठेवला. दोन माणसांनी जीव लावून ओढलेलं ते स्टीअरिंग. एकही सांधा हलत नव्हता. किंगपिनमध्ये ग्रीस ओलं होतं. त्या खिळ्या कोरड्या असत्या, तर आम्हा दोघांना काय, चौघांनाही ती चाकं वळवता आली नसती. नेगी त्या ग्रीसवर वाचला.

आता मी रिटायर आहे. नेरूळला सोसायटीत राहतो. लोकांना मी मेकॅनिक होतो हे माहीत आहे, म्हणून पार्किंगमध्ये अडवतात. "काका, पाम बीच रोडवर गाडी डावीकडे खेचते, चालेल ना?" मी सांगतो, चालेल म्हणू नका, आज दाखवा. स्पीड ब्रेकरवर पुढून खट् आवाज येत असेल, चक्र सरळ धरूनही गाडी तिरकी जात असेल, सांध्यावरचं रबरी कव्हर फाटलं असेल, तर गाडी बोलते आहे. तुमच्या नव्या गाड्यांच्या स्टीअरिंगला तेल नाही, मोटर असते. तिचा पिवळा दिवा लागला आणि चक्र एकदम जड झालं, तर घाबरून सोडू नका. ते अजून चाकांना जोडलेलं आहे. दोन्ही हातांनी धरा, वेग कमी करा, कडेला घ्या. कुणी हसत म्हणतं, "काका, किती टेन्शन घेता." मी खाली वाकतो आणि सांध्यावर हात ठेवतो.

गेल्या वर्षी नेगीचा फोन आला. तो आता नाईक झालाय. मुंबईला काही कामानं आला होता. म्हणाला, उस्तादांच्या घरी जायचंय. मी त्याला जासईला घेऊन गेलो.

उस्तादांची आई ओट्यावर बसली होती. वय झालंय, पण कान शाबूत आहेत. समोरून ट्रेलर जात होते. नेगी तिच्या पाया पडला. काय बोलायचं ते त्यानं वाटेत ठरवलं होतं, ते सगळं विसरला. "माताजी, मैं नेगी," एवढंच म्हणाला.

आईनं माझ्याकडे पाहिलं. "ह्यो त्योच काय रं? हरीनं खाली आनला त्यो?"

"त्योच, आये."

तिनं त्याला जवळ बसवलं. "त्याला इचार, आता दम लागतंय का त्याला?"

मी विचारलं. नेगीनं मान हलवली, नाही म्हणून. तिचं समाधान झालं नाही. तेव्हा त्यानं छाती भरून श्वास घेतला आणि सावकाश सोडला. आईनं त्याच्या छातीवर हात ठेवला.

"आनिक एकदा," ती म्हणाली.

त्यानं आणखी एकदा घेतला.